स्पर्धा जिंकूनही क्लबहाऊसमध्ये प्रवेश मिळाला नाही, भर पावसात ट्रॉफी घेणारा गोल्फर पापवा सेवगोलम

साल १९६३. दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन शहर. तिथल्या डर्बन कंट्री क्लबवर 'नाताळ ओपन' नावाची गोल्फ स्पर्धा नुकतीच संपली होती.

बाहेर पाऊस कोसळत होता. गोरे खेळाडू, क्लबचे पदाधिकारी आणि पाहुणे मंडळी क्लबहाऊसच्या छपराखाली उबेत बसली होती. अशा वेळी बक्षीस समारंभ आत घ्यायचा, ही साधी गोष्ट. पण त्या दिवशी एक अडचण होती.

स्पर्धा जिंकणारा माणूस भारतीय वंशाचा होता. आणि देशाच्या कायद्याप्रमाणे त्याला क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं.

मग काय, विजेता बाहेर पावसात उभा राहिला आणि तिथेच त्याच्या हातात ट्रॉफी देण्यात आली. पावसात भिजत ट्रॉफी घेणाऱ्या त्या माणसाचा फोटो पुढे जगभर छापून आला. वर्णभेद म्हणजे काय, हे ज्यांना पानभर लेख वाचून कळत नव्हतं त्यांना तो फोटो बघून एका मिनिटात कळलं.

त्या माणसाचं नाव सेवसंकर सेवगोलम. लोक त्याला 'पापवा' म्हणायचे.

लिहिता-वाचता न येणारा, दुसऱ्यांच्या गोल्फ किट वाहत मोठा झालेला, आणि बॅट उलटी धरावी तशी गोल्फची काठी धरणारा हा गडी तीन वेळा डच ओपन जिंकला. ज्या गॅरी प्लेअरला जग दिग्गज म्हणतं, त्याला त्याने त्याच्याच देशात हरवलं. आणि शेवटी त्याच्याच सरकारने त्याला गोल्फच्या मैदानावर पाय ठेवायलाही बंदी घातली.

हा पापवा सेवगोलम नेमका होता कोण, ते बघूया.

ऊसाच्या मळ्यातून गोल्फच्या मैदानावर

पापवाची गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं.

आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाताळ नावाची ब्रिटिश वसाहत होती. तिथली हवा उसाला मानवणारी. गोऱ्या मळेवाल्यांनी ऊस लावला, पण राबायला माणसं मिळेनात. मग ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. पाच वर्षांचा करार, ठरलेली तुटपुंजी मजुरी आणि समुद्रापलीकडचा अनोळखी देश. यांनाच आपल्याकडे 'गिरमिटिया' म्हणतात. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचं गिरमिट झालं आणि गिरमिटवर गेला तो गिरमिटिया.

अशा मजुरांचं पहिलं जहाज १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून डर्बनला लागलं. त्यापाठोपाठ कलकत्त्याहूनही जहाजं गेली. करार संपल्यावर बरेच जण परत आलेच नाहीत, तिथेच राहिले. १८९३ साली मोहनदास करमचंद गांधी नावाचा तरुण वकील डर्बनला उतरला, तेव्हा तिथे भारतीयांची मोठी वस्ती झालेली होती.

पापवाचा जन्म अशाच एका गिरमिटियांच्या वंशात झाला. १९२० च्या दशकाच्या शेवटी, डर्बनमध्ये. त्याच्या नावातही ही सगळी गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडचं साधं 'शिवशंकर' हे नाव वसाहतीच्या कारकुनांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सापडलं आणि त्याचं 'सेवसंकर' झालं.

घरची परिस्थिती बेताची. शाळा नावापुरतीच. घराच्या आसपास एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे बीचवूडचं गोल्फ मैदान. अर्थात ते गोऱ्यांसाठी. भारतीय पोरांना तिथे शिरायचा एकच रस्ता होता. कॅडी बनायचं.

कॅडी म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याची जड बॅग वाहणारा, चेंडू शोधून देणारा, कुठली काठी वापरायची ते सुचवणारा पोऱ्या. दिसायला हमालीचं काम, पण खेळ शिकायला याच्यासारखी शाळा नाही. रोज कित्येक मैल चालायचं, शेकडो फटके जवळून बघायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि चांगला खेळाडू कुठे चुकतो ते मनात टिपून ठेवायचं.

आपल्याकडेही हे झालंय. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. २००९ साली तीच स्पर्धा जिंकणारा चिन्नास्वामी मुनियप्पा बंगळूरमध्ये कॅडी होता. फरक इतकाच, की या दोघांना जिंकल्यावर कुणी पावसात उभं केलं नाही.

उलटी पकड

पापवाकडे गोल्फ किट घ्यायला पैसे नव्हते. झाडाची फांदी तोडून त्याने स्वतःसाठी काठी बनवली आणि तिने चेंडू मारत खेळ शिकला. कोच नव्हता, पुस्तक नव्हतं. असतं तरी त्याला वाचता आलं नसतं.

कोच नसल्याने एक गंमत झाली. पापवाने काठी चुकीची धरली.

हे समजायला क्रिकेटचं उदाहरण सोपं पडेल. उजव्या हाताचा बॅट्समन बॅट धरतो तेव्हा त्याचा डावा हात वर असतो आणि उजवा खाली. गोल्फमध्येही तसंच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात काठीच्या टोकाकडे आणि उजवा त्याच्याखाली.

पापवाचं बरोबर उलटं होतं. तो उभा राहायचा उजव्या हाताच्या खेळाडूसारखा, पण त्याचा उजवा हात वर आणि डावा खाली. म्हणजे सचिनने स्टान्स तोच ठेवून हात अदलाबदल करून स्ट्रेट ड्राइव्ह मारावा, तसं काहीसं.

गोल्फ शिकवणारा कुठलाही माणूस पहिल्याच दिवशी ही पकड सुधारायला लावतो. अशी पकड घेऊन मनगटं आणि खांदे नीट फिरत नाहीत आणि लांब फटका बसत नाही, असं मानलं जातं. पापवाला हे सांगायला कुणी नव्हतंच, त्यामुळे त्याने त्याच पकडीने चेंडू दोनशे-अडीचशे यार्डांवर सरळ मारायची सवय केली. पुढे तो प्रसिद्ध झाल्यावर या पकडीला त्याचंच नाव पडलं, 'सेवगोलम ग्रिप'.

त्या काळी काळ्या, भारतीय आणि मिश्र वंशाच्या खेळाडूंसाठी वेगळ्या स्पर्धा असायच्या. 'नॉन-व्हाइट' असं सरळ नावच असायचं. मैदानं खडबडीत, बक्षिसाची रक्कम किरकोळ. पापवा या स्पर्धा जिंकत सुटला. पण त्याला आव्हान देईल असा खेळाडू तिथे उरला नव्हता. आणि जिथे खरं आव्हान होतं तिथे त्याला प्रवेश नव्हता.

कायदा काय होता?

१९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टीचं सरकार आलं. गोऱ्या-काळ्यांमधला भेदभाव त्याआधीही होताच. या सरकारने त्याला कायद्याची पक्की चौकट दिली. यालाच अपार्थाइड म्हणजे वर्णभेद म्हणतात.

यात गोल्फशी थेट संबंध आला तो १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टचा. या कायद्याने शहरांची वाटणीच केली. हा भाग गोऱ्यांचा, तो भारतीयांचा, तो काळ्यांचा. दुसऱ्याच्या भागात राहायचं नाही, जागा वापरायची नाही. १९५३ साली आणखी एक कायदा आला, त्याने बाकडी, संडास, बस, समुद्रकिनारे असं सगळंच वेगळं केलं.

आता गोल्फचं कसं आहे, की हा खेळ क्लबभोवती फिरतो. कपडे बदलायची खोली, जेवण, चहा, बार, स्कोअरकार्ड जमा करणं, बक्षीस समारंभ, सगळं क्लबहाऊसमध्ये. आणि चांगली मैदानं जवळपास सगळी गोऱ्यांच्या भागात.

म्हणजे एखाद्या भारतीयाला स्पर्धेत खेळायची खास परवानगी मिळालीच, तरी ती हिरवळीवर चेंडू मारण्यापुरती. क्लबहाऊसमध्ये बसून चहा प्यायला तर कायदा मोडला.

ओले क्रीमवाला मालक

पापवाच्या आयुष्यात इथे एक माणूस आला आणि चक्र फिरलं.

तुम्ही ओले हे क्रीम ऐकलं असेल. टीव्हीवर त्याच्या जाहिराती कायम असतात. हे 'ऑइल ऑफ ओले' जन्माला आलं ते डर्बनमध्ये, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. ते बनवणारा केमिस्ट म्हणजे ग्रॅहम वुल्फ.

पापवा याच वुल्फच्या कारखान्यात कामाला होता. वुल्फला स्वतःला गोल्फची आवड. त्याने पापवाचा खेळ बघितला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्या कारखान्यात राबणारा हा माणूस देशातल्या पहिल्या फळीच्या खेळाडूंच्या तोडीचा आहे.

देशात खेळता येत नसेल तर देशाबाहेर खेळ. १९५९ साली वुल्फने त्याला युरोपला नेलं.

ते वर्ष दक्षिण आफ्रिकेच्या गोल्फसाठी मोठं ठरलं. स्कॉटलंडमधल्या म्यूरफील्डला ब्रिटिश ओपन झाली आणि ती गॅरी प्लेअर या जोहान्सबर्गच्या गोऱ्या तरुणाने जिंकली. तो त्याचा पहिला मेजर किताब. आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये डच ओपन झाली. ती जिंकली पापवा सेवगोलमने.

उलटी पकड, पायात साधे बूट, सही करायचीही पंचाईत, आणि नावापुढे युरोपातला राष्ट्रीय किताब. डर्बनच्या भारतीय वस्तीत आनंदाला उधाण आलं. ज्या समाजाला आपण दुय्यम आहोत हे उठता-बसता ऐकवलं जात होतं, त्यांचा एक माणूस गोऱ्यांच्या खेळात गोऱ्यांना हरवून आला होता.

लोक म्हणाले, असेल एखादा नशिबाचा दिवस. पापवाने पुढच्या वर्षी, १९६० साली पुन्हा डच ओपन जिंकली. मग १९६४ साली तिसऱ्यांदा.

आणि १९६३ साली इंग्लंडमधल्या लिदमला झालेल्या ब्रिटिश ओपनमध्ये तो संयुक्त तेराव्या नंबरावर आला. जगातले अव्वल खेळाडू तिथे खेळत होते. गंमत बघा, त्या वर्षीची स्पर्धा न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने जिंकली. डाव्या हाताने खेळून मेजर जिंकणारा तो पहिलाच. म्हणजे पुस्तकाबाहेरचा खेळ करणाऱ्यांचंच ते वर्ष होतं.

घरच्या मैदानावर

युरोपात नाव झाल्यावर देशातल्या गोल्फ संघटनांची पंचाईत झाली. परदेशात राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा आपला माणूस आपल्याच ओपन स्पर्धेत का नाही, असा प्रश्न लोक विचारू लागले. 'ओपन' म्हणजे सगळ्यांसाठी खुली ना?

१९६० च्या सुरुवातीच्या वर्षांत पापवाला खास परवानगीवर मोठ्या स्पर्धांत खेळायला मिळू लागलं. पण अटी त्याच. कपडे गाडीत बदलायचे. जेवण गाडीत किंवा झाडाखाली. पावसाने खेळ थांबला तर बाकीचे क्लबहाऊसमध्ये गरम चहा घेत बसणार आणि हा बाहेर.

गोल्फमध्ये याचा काय फरक पडतो ते कळायला हवं. मोठी स्पर्धा चार दिवस चालते. रोज १८ होल, एकूण ७२. ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकतो. तीनशेच्या आसपास फटके खेळायचे आणि निकाल लागतो एक-दोन फटक्यांनी. शरीर सैल हवं, डोकं थंड हवं. बाकीचे गरम पाण्याने अंघोळ करून, पोटभर जेवून, आरामखुर्चीत पाय पसरून दुसऱ्या दिवसाची तयारी करणार आणि एक जण गाडीत डबा खाऊन त्यांच्याशी बरोबरी करणार.

अशा परिस्थितीत १९६३ साली पापवाने डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली. गोऱ्या खेळाडूंच्या भाऊगर्दीत तो जिंकला आणि मग सुरुवातीला सांगितलेला तो पावसातला प्रसंग घडला.

या प्रसंगाचे किस्से आजही वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले जातात. काही जण तर ट्रॉफी खिडकीतून बाहेर दिली असंही सांगतात. पण मुद्दा तोच राहतो. जिंकणारा बाहेर होता आणि हरलेले आत.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकन ओपनमध्ये पापवा दुसरा आला. रीटीफ वॉल्टमनने ती स्पर्धा त्याच्यापेक्षा एका फटक्याने जिंकली. एक फटका कमी लागला असता, तर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय गोल्फ स्पर्धेच्या ट्रॉफीवर शिवशंकर हे नाव कोरलं गेलं असतं.

गॅरी प्लेअरला हरवलं आणि तिथेच माशी शिंकली

आता गॅरी प्लेअर कोण ते थोडं सांगायला हवं. नऊ मेजर किताब जिंकणारा, काळे कपडे घालून खेळणारा, व्यायामाचं वेड असलेला हा खेळाडू गोल्फच्या इतिहासातल्या मोजक्या महान खेळाडूंपैकी एक. त्याचं बालपणही सुखाचं नव्हतं. बाप सोन्याच्या खाणीत काम करायचा, आई तो आठ वर्षांचा असताना गेली. पण त्याच्यासाठी क्लबची दारं उघडी होती, कारण तो गोरा होता.

१९६५ साली पापवाने पुन्हा नाताळ ओपन जिंकली. या वेळी मैदानात खुद्द गॅरी प्लेअर होता आणि पापवाने त्याला मागे टाकलं. त्याच वर्षी याच गॅरी प्लेअरने यूएस ओपन जिंकून चारही मेजर जिंकायचा पराक्रम पूर्ण केला. म्हणजे पापवाने ज्याला हरवलं तो त्या वेळी आपल्या खेळाच्या शिखरावर होता.

सरकारला आता हे परवडणारं नव्हतं.

वर्णभेदाची सगळी इमारत एका समजावर उभी होती, की गोरा माणूस जन्मानेच श्रेष्ठ असतो. शेजारच्या वस्तीतला एक न शिकलेला भारतीय माणूस सगळ्यांदेखत देशातल्या सर्वोत्तम गोऱ्या खेळाडूला हरवत असेल, तर त्या समजाचं काय करायचं? बॉक्सिंगमध्ये किंवा धावण्यात ताकदीचं कारण देता येतं. पण गोल्फ हा डोक्याचा, संयमाचा, सभ्य लोकांचा खेळ म्हणून मिरवला जायचा. तिथे सारवासारव करायला जागा नव्हती.

त्याच १९६५ च्या सुरुवातीला सरकारने एक फर्मान काढून सार्वजनिक मनोरंजनाच्या आणि खेळांच्या ठिकाणी वेगवेगळ्या वंशाच्या लोकांनी परवानगीशिवाय एकत्र येण्यावर बंदी घातली. पापवाला गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळायला मिळणारी परवानगी बंद झाली. प्रेक्षक म्हणूनही त्याला या मैदानांवर जाता येईना.

मग परदेशात खेळायचं का? तर पासपोर्टही काढून घेतला.

वयाच्या पस्तिशीच्या आसपास, जेव्हा गोल्फरची खरी कमाईची वर्षं असतात, तेव्हा पापवाचं करिअर सरकारने कागदावरच्या चार ओळींनी संपवलं. ना दुखापत, ना फॉर्म गेला, ना वय झालं.

एक फोटो काय करू शकतो?

पापवा स्वतः राजकारणी नव्हता. भाषणं करणारा, मोर्चे काढणारा हा माणूस नाही. त्याला गोल्फ खेळायचा होता आणि घर चालवायचं होतं. परवानगी मागून, अपमान गिळून तो खेळत राहिला, म्हणून आपल्याच काही लोकांनी त्याच्यावर टीकाही केली. गोऱ्यांनी उपकार म्हणून दिलेली परवानगी घ्यायचीच कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे सरकार, आमच्याकडे सगळ्यांना खेळायला मिळतं हे जगाला दाखवायला अशा परवानग्यांचा वापर करत होतं. पापवा या दोघांच्या मधे सापडला होता.

पण पावसातल्या त्या फोटोने जे केलं ते कुठल्या भाषणाने झालं नसतं. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला खेळांमधून बाहेर काढा, ही मागणी त्याच काळात जोर धरत होती. सरकार म्हणायचं, आमच्याकडे खेळात राजकारण नाही. त्यावर दाखवायला तो फोटो होता.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं निमंत्रण दक्षिण आफ्रिकेकडून काढून घेण्यात आलं. १९६८ साली बेसिल डॉलिव्हिएरा या मिश्र वंशाच्या खेळाडूला इंग्लंडने क्रिकेट संघात घेतलं म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो दौराच नाकारला. १९७० साली ऑलिंपिक समितीने या देशाला बाहेर काढलं. क्रिकेटमध्येही दक्षिण आफ्रिका वीस वर्षांहून जास्त काळ वाळीत पडली.

भारत यात मागे नव्हता. १९४६ सालीच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपच्या फायनलला पोहोचला, समोर होती दक्षिण आफ्रिका. विजय आणि आनंद अमृतराज फॉर्मात होते, कप जिंकायची संधी समोर होती. पण भारताने खेळायला नकार दिला आणि कप न खेळताच दक्षिण आफ्रिकेला गेला. भारताने डेव्हिस कप आजवर जिंकलेला नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या नकाराची किंमत कळते.

गॅरी प्लेअरलाही याची झळ बसली. १९६६ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने सरकारच्या धोरणाची उघड बाजू घेतली होती. १९६९ साली अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिप खेळताना आंदोलकांनी त्याच्या तोंडावर बर्फ फेकला. पुढे त्याचं मत बदललं. १९७१ साली त्याने ली एल्डर या कृष्णवर्णीय अमेरिकन गोल्फरला दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावलं आणि आपली जुनी भूमिका चुकीची होती असंही नंतर जाहीरपणे सांगितलं.

म्हणजे बाहेरून आलेला कृष्णवर्णीय गोल्फर दक्षिण आफ्रिकेत खेळला, तेव्हा तिथलाच पापवा मात्र हलाखीत दिवस काढत होता.

शेवट

बंदीनंतर पापवाच्या वाट्याला गरिबी आली. लहान-सहान नॉन-व्हाइट स्पर्धांच्या बक्षिसात घर चालत नव्हतं. शिक्षण नाही, दुसरं कौशल्य नाही. जे कौशल्य होतं ते वापरायला बंदी.

५ जुलै १९७८ ला डर्बनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने पापवा सेवगोलम गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

त्यानंतर दक्षिण आफ्रिका बदलायला आणखी बरीच वर्षं लागली. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आले. १९९१ साली ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट रद्द झाला. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका असा सामना झाला आणि त्या देशाचं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पुनरागमन झालं. ज्या भारताने सगळ्यात आधी संबंध तोडले, त्यानेच पहिलं दार उघडलं. १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

नव्या दक्षिण आफ्रिकेने पापवाची आठवण ठेवली. थाबो म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना त्याला 'ऑर्डर ऑफ इखामांगा' हा कला, साहित्य आणि खेळातल्या कामगिरीसाठी दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान मरणोत्तर देण्यात आला. त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली. डर्बनमध्ये उमगेनी नदीकाठच्या एका गोल्फ मैदानाला त्याचं नाव आहे, 'पापवा सेवगोलम गोल्फ कोर्स'.

गोल्फच्या रेकॉर्ड बुकात पापवाच्या नावापुढे फार काही नाही. तीन डच ओपन, दोन नाताळ ओपन, ब्रिटिश ओपनमध्ये तेरावा नंबर. त्याला आणखी दहा वर्षं खेळू दिलं असतं तर त्या यादीत काय काय असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आज मात्र त्याच्या नावाच्या त्या मैदानावर कुठल्याही रंगाचा माणूस चार पैसे भरून खेळू शकतो. आणि पाऊस आलाच, तर आत जाऊन चहा घेऊ शकतो.